माँटिचेलोचें हेमिंग्स घराणें : एका वंशाचा माग

घराण्याचा वंशवृक्ष काढावयाचा म्हटला म्हणजे मनुष्य सामान्यतः स्वतःपासून आरंभ करतो. बाप, आजा, पणजा अशा पायऱ्या चढत तो वर जातो आणि जेथें कागद संपतो तेथें थांबतो. परंतु मूळ पुरुष किंवा मूळ स्त्री धरून तिच्या लेकरांचीं लेकरें कोठें कोठें गेलीं, हें शोधीत खालीं उतरणें पुष्कळ अधिक कठीण आहे. फांद्या अनेक फुटतात, मुली सासरचें नांव घेतात, कोणी परगांवीं जाऊन पुन्हां पत्र म्हणून धाडीत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकेंत तर ही अडचण शतपट वाढलेली होती. देश अफाट, माणसें एका पिढींत तीन-तीन संस्थानें ओलांडून पश्चिमेकडे सरकणारीं, आणि त्यांतलीं लक्षावधि कायद्याच्या दृष्टीनें माणसें नसून केवळ मालमत्ता. १८६० सालीं अशा गुलामांची संख्या जवळजवळ चाळीस लक्ष होती. अशा लोकांच्या वंशाचा माग कसा काढावा? या प्रश्नाचें उत्तर एका घराण्याच्या इतिहासावरून जितकें स्पष्ट होतें तितकें दुसऱ्या कशानेंही होणार नाहीं. तें घराणें म्हणजे व्हर्जिनियांतील माँटिचेलो येथील हेमिंग्स घराणें होय.

या घराण्याची मूळ स्त्री एलिझाबेथ हेमिंग्स. तिचा जन्म १७३५ च्या सुमारास झाला. तिच्या नातवानें पुढें जी हकीगत सांगितली तींत तिची आई आफ्रिकेंतून आलेली व बाप हेमिंग्स नांवाचा एक इंग्रज कप्तान होता, असें आहे. बाप गोरा व स्वतंत्र असला तरी मुलगी गुलामच राहिली. कारण व्हर्जिनियाच्या विधिमंडळानें १६६२ सालींच असा कायदा करून ठेविला होता कीं, अपत्याची स्थिति आईच्या स्थितीवरून ठरावी. या एका कायद्यानें मालकाला स्वतःचेंच मूल स्वतःच्या मालमत्तेंत जमा करण्याची सोय करून दिली, आणि वंशशोधकाला मात्र बापाचें नांव कागदावर सांपडण्याची आशा कायमची बंद केली.

एलिझाबेथचा मालक जॉन वेल्स हा होता. त्याच्यापासून तिला सहा मुलें झालीं. त्यांतील धाकटी सॅली. तिचा जन्म १७७३ सालचा. त्याच वर्षीं वेल्स वारला, आणि त्याच्या इस्टेटीबरोबर हें सारें कुटुंब वारसाहक्कानें त्याच्या औरस कन्येकडे, म्हणजे मार्थेकडे, आलें. मार्थेचा पति थॉमस जेफरसन. तीनच वर्षांनीं, १७७६ सालीं, सर्व माणसें जन्मतः समान आहेत अशी घोषणा करणारा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा आणि १८०१ ते १८०९ या काळांत संयुक्त संस्थानांचा तिसरा अध्यक्ष झालेला, तोच हा जेफरसन. याप्रमाणें सॅली ही त्याच्या पत्नीची सावत्र बहीण होती, आणि त्याच्याच घरची दासीही होती.

मार्था १७८२ सालीं निवर्तली. त्यानंतर जेफरसन वकील म्हणून पॅरिसला गेला. १७८७ सालीं त्याची धाकटी मुलगी तिकडे पाठविण्यांत आली, तेव्हां तिच्या सोबतीला चौदा वर्षांची सॅली गेली. सॅलीचा भाऊ जेम्स हा तेथें आधींच फ्रेंच पाककला शिकत होता. फ्रान्सच्या भूमीवर या दोघांना आपलें स्वातंत्र्य मागतां आलें असतें. तरी १७८९ सालीं सॅली परत आली. कां आली, याचें उत्तर तिचा मुलगा मॅडिसन यानें दिलें आहे. परत गेल्यास तिला विशेष सवलती मिळतील व तिचीं मुलें एकवीस वर्षांचीं होतांच मुक्त होतील, असें वचन जेफरसननें दिलें, आणि त्या वचनावर विसंबून ती परतली, असें तो सांगतो. पुढें तिला जीं मुलें झालीं त्यांपैकीं चार मोठीं झालीं : १७९८ सालीं बेव्हर्ली, १८०१ सालीं हॅरिएट, १८०५ सालीं मॅडिसन आणि १८०८ सालीं ईस्टन.

या तारखा आज इतक्या निश्चित कशा सांगतां येतात? तर त्या जेफरसनच्या शेतवहींत आहेत म्हणून. जेफरसन हा टांचणें ठेवण्यांत अत्यंत दक्ष मनुष्य होता. कोणत्या गुलामाचा जन्म केव्हां झाला, कोणाला किती कापड व किती मासळी दिली, हें सर्व तो त्या वहींत लिहून ठेवी. गोऱ्या शेतकऱ्याच्या मुलाची जन्मतारीख पुष्कळदां कोठेंच आढळत नाहीं. गुलामाच्या मुलाची आढळते, कारण ती जिंदगींत पडलेली भर होती! मात्र सॅलीच्या मुलांच्या नोंदींत बापाचें नांव नाहीं. तरीही त्या वहीनें नकळत एक साक्ष दिली. जेफरसन कोणत्या दिवशीं कोठें होता हें त्याच्या पत्रांवरून व हिशेबांवरून ठरवितां येतें. तो राजकारणामुळें महिनेचे महिने बाहेरगांवीं असे. परंतु सॅलीच्या प्रत्येक अपत्याच्या जन्मापूर्वीं नऊ महिने तो माँटिचेलोस हजर होता, आणि त्याच्या गैरहजेरींत तिला गर्भ राहिल्याचें एकही उदाहरण नाहीं.

१८२२ सालीं बेव्हर्ली व हॅरिएट हीं दोघें माँटिचेलो सोडून गेलीं. वहींत तीं पळाल्याची नोंद आहे. परंतु त्यांना शोधण्यास कोणी गेलें नाहीं. उलट, हॅरिएटला वाटखर्चासाठीं पन्नास डॉलर मालकाच्या सांगण्यावरून आपण दिले, असें तेथील मुकादमानें वृद्धापकाळीं सांगितलें. ४ जुलै १८२६ रोजीं जेफरसन वारला. मृत्युपत्रानें त्यानें पांच गुलामांना मुक्त केलें. पांचही हेमिंग्स घराण्यांतले, आणि त्यांत मॅडिसन व ईस्टन हे दोघे होते. सॅलीचें नांव मृत्युपत्रांत नव्हतें. तिला घरच्यांनीं निमूटपणें जाऊं दिलें, आणि ती शेवटपर्यंत, म्हणजे १८३५ पर्यंत, शार्लट्सव्हिल गांवीं मुलांजवळ राहिली.

इतरांचें काय झालें? जेफरसन मरतेसमयीं कर्जांत बुडालेला होता. १८२७ च्या जानेवारींत माँटिचेलोच्या हिरवळीवर १३० गुलामांचा लिलांव पुकारण्यांत आला. मुक्त झालेल्या पांचांपैकीं एक जोसेफ फॉसेट. हा एलिझाबेथच्या थोरल्या मुलीचा मुलगा व कसबी लोहार. त्याला स्वातंत्र्य मिळालें, पण त्याची बायको ईडिथ व मुलें लिलांवांत गेलीं. जोसेफनें घण मारून मारून पैसा जमविला, बायकोला व कांहीं मुलांना विकत घेतलें, आणि १८३७ सालीं रीतसर खत करून त्यांना मुक्त केलें. स्वतःच्याच बायकोचा मालक झाल्यावांचून तिला सोडवितां येत नव्हतें, हें त्या कायद्याचें स्वरूप लक्षांत घेण्याजोगें आहे. त्याचा मुलगा पीटर लिलांवाच्या वेळीं अकरा वर्षांचा होता. त्याच्या नवीन मालकानें त्याला परत देण्याचें नाकारलें. तो दोनदां पळाला, दोनदां पकडला गेला, आणि १८५० च्या सुमारास पुन्हां लिलांवांत उभा राहिला तेव्हां आप्तेष्टांच्या मदतीनें मुक्त झाला. तो ओहायोंतील सिनसिनाटी येथें आईबापांजवळ गेला, मेजवान्यांच्या व्यवस्थेचा धंदा त्यानें केला, पळून येणाऱ्या गुलामांना आसरा दिला व शेवटीं बॅप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. १९०० सालीं, वयाच्या पंचाऐशीव्या वर्षीं, ज्या घरीं त्याची विक्री झाली होती तें माँटिचेलो तो पाहून आला.

येथून पुढें शोधकाचा मुख्य आधार म्हणजे अमेरिकेची खानेसुमारी होय. ती १७९० सालापासून दर दहा वर्षांनीं होत आली आहे. परंतु तिचीं पुस्तकें सर्व सारखीं नाहींत, व हा फरक जाणल्यावांचून कोणाचाही वंश उतरवितां येणार नाहीं. १८४० पर्यंतच्या खानेसुमारींत नांव फक्त कुटुंबप्रमुखाचें. बाकीचीं माणसें वयाच्या रकान्यांत नुसत्या आंकड्यांनीं दाखविलेलीं. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव, वय, वर्ण व जन्मस्थान येऊं लागलें. पण १८५० व १८६० या दोन्ही वेळीं गुलामांची यादी निराळी होती. तींत मालकाचें नांव, आणि त्याखालीं गुलामाचें वय, लिंग व वर्ण एवढेंच. युद्ध होऊन गुलामगिरी १८६५ सालीं नष्ट झाली, म्हणून १८७० च्या खानेसुमारींत या लक्षावधि माणसांचीं नांवें प्रथमच एकत्र आढळतात. अमेरिकेंतील बहुतेक कृष्णवर्णी कुटुंबांचा माग मागें जातां जातां या १८७० च्या भिंतीला येऊन आदळतो. १८८० सालीं कुटुंबप्रमुखाशीं नातें काय, हा रकाना वाढला; त्यानें शोधकाचें काम पुष्कळ सोपें झालें. आणि १८९० चीं पुस्तकें वॉशिंग्टन येथें १९२१ सालीं लागलेल्या आगीनंतर जवळजवळ सगळीं नष्ट झालीं, त्यामुळें १८८० व १९०० यांच्यामध्यें वीस वर्षांची दरी पडली आहे. ही दरी लग्नाच्या नोंदी, मृत्युपत्रें, लष्करी निवृत्तिवेतनाचे कागद, थडगीं आणि वर्तमानपत्रें यांनीं भरून काढावी लागते.

आतां या साधनानें सॅलीच्या दोन मुलांचा माग कसा लागतो तो पाहण्यासारखा आहे. १८३० च्या खानेसुमारींत हें कुटुंब गोऱ्यांत मोजलेलें आहे. तीनच वर्षांनीं, १८३३ सालीं, मुक्त कृष्णवर्णीयांची एक खास मोजणी झाली, तींत सॅली मिश्रवर्णी म्हणून नोंदलेली आहे. माणूस तोच, गांव तेंच. वर्ण मात्र मोजणाराच्या लेखणीनें बदलला! व्हर्जिनियाच्या तत्कालीन कायद्याप्रमाणें चौथ्या हिश्शापेक्षां कमी आफ्रिकन रक्त असलेला स्वतंत्र मनुष्य गोराच ठरे, आणि सॅलीच्या मुलांत तें रक्त आठवा हिस्सा होतें. कायदा एक सांगत होता आणि शेजारी दुसरें.

आई वारल्यावर दोघे भाऊ ओहायो संस्थानांत गेले. तेथें गुलामगिरी नव्हती, पण कृष्णवर्णी माणसाला मताचा अधिकारही नव्हता. मॅडिसन सुतारकाम व शेती करी. ईस्टन चिलिकॉथी गांवीं व्हायोलिन वाजवीत असे, आणि नाचाच्या बैठकींतून त्याला मोठी मागणी असे. १८५० च्या खानेसुमारींत ईस्टन हेमिंग्स हा मिश्रवर्णी म्हणून सांपडतो. त्यानंतर ओहायोंत तो सांपडतच नाहीं. अनभिज्ञ शोधक येथें ही फांदी खुंटली असें लिहून मोकळा होईल. वास्तविक १८५२ च्या सुमारास ईस्टन बायकोमुलांसह विस्कॉन्सिन संस्थानांतील मॅडिसन शहरीं गेला. तेथें त्यानें हेमिंग्स हें आडनांव टाकून जेफरसन हें धारण केलें आणि तें सबंध कुटुंब गोऱ्या समाजांत मिसळून गेलें. ईस्टन १८५६ सालीं वारला. त्याचा थोरला मुलगा जॉन वेल्स जेफरसन यादवी युद्धांत विस्कॉन्सिनच्या आठव्या पायदळ पलटणींत अधिकारी झाला व कर्नलच्या हुद्द्यास चढला. त्याच्या लहानपणच्या एका ओळखीच्या गृहस्थाची त्या काळांत त्याच्याशीं गांठ पडली. आपल्या अंगांत कृष्णवर्णी रक्त आहे हें पलटणींत कोणाला ठाऊक नाहीं, तरी कृपा करून सांगूं नका, अशी त्यानें विनवणी केल्याचें त्या गृहस्थानें पुढें सांगितलें. रणांगणावर गोळ्यांना न भिणारा हा मनुष्य आजीच्या नांवाला भीत होता! धाकटा भाऊ बेव्हर्ली यानें हॉटेल चालविलें व भाड्याच्या घोडागाड्यांचा धंदा करून तो शहरांतील प्रतिष्ठित नागरिक झाला. पुढील पिढ्यांतून सॅलीचें नांव पुसलें गेलें. आपण अध्यक्ष जेफरसनच्या चुलत्याचे वंशज आहों, अशी कथा मुलांना सांगण्यांत येऊं लागली.

मॅडिसननें मात्र आडनांव बदललें नाहीं आणि ओहायोही सोडलें नाहीं. १८७० सालीं रॉस जिल्ह्यांत खानेसुमारी करणाऱ्या कारकुनानें त्याच्या नांवापुढें, कोणताही रकाना नसतांना, हा मनुष्य थॉमस जेफरसनचा मुलगा आहे असें लिहून ठेविलें. १८७३ च्या मार्चमध्यें वेव्हर्ली गांवच्या पाइक काउंटी रिपब्लिकन या पत्रांत मॅडिसनची स्वतःची हकीगत छापून आली. आजी कोण, आईला पॅरिसमध्यें काय वचन मिळालें, भावंडें कोठें गेलीं, हें सर्व त्यानें आवेश न करतां सांगितलें. ज्या १८७३ सालीं पुण्याचे जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध करून तें अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें, त्याच सालीं तिकडे एक मुक्त झालेला सुतार आपल्या बापाचें नांव उच्चारीत होता, हा योगायोग महाराष्ट्रीयांस चिंतनीय वाटेल.

मॅडिसनच्या शब्दांवर विश्वास कोणी ठेविला? शेजारच्या विरोधी पक्षाच्या पत्रानें त्याची खिल्ली उडविली. माँटिचेलोचाच एक जुना गुलाम इझ्रेल यानें त्याच वर्षीं दुजोरा दिला, त्यालाही खोटें ठरविण्यांत आलें. जेफरसनच्या औरस नातवंडांचें म्हणणें असें कीं, हीं मुलें अध्यक्षांच्या भाच्यांचीं. परंतु नातीनें एका भाच्याचें नांव घेतलें, तर नातवानें दुसऱ्याचें! हा विसंगतपणा असूनही विद्वान चरित्रकारांनीं शंभर वर्षें नातवंडांची साक्ष प्रमाण मानली आणि सुताराची फेटाळली. कागद कोणाच्या घरीं आहे यावर सत्य ठरविण्याची ही रीत केवळ अमेरिकेंतच आहे, असें मात्र कोणीं समजूं नये.

मॅडिसन १८७७ सालीं वारला. त्याच्या मुलांचीं नांवें पाहिलीं असतां त्यानें आपला इतिहास कोठें साठवून ठेविला हें कळतें : थॉमस ईस्टन, हॅरिएट, विल्यम बेव्हर्ली, एलन वेल्स. ज्यांच्याजवळ दप्तर नसतें ते नामकरणालाच दप्तर करतात. धाकटी एलन लग्नानंतर लॉस एंजेलिस येथें गेली. तिचा मुलगा फ्रेडरिक मॅडिसन रॉबर्ट्स १९१८ सालीं कॅलिफोर्नियाच्या विधिसभेवर निवडून आला, व तेथील तो पहिला कृष्णवर्णी सभासद ठरला. लोहार जोसेफ फॉसेट याच्या नातीचा मुलगा विल्यम मनरो ट्रॉटर यानें १९०१ सालीं बोस्टन येथें ‘गार्डियन’ हें पत्र काढलें. आणि सरकारी कचेऱ्यांतून कृष्णवर्णीयांना वेगळें बसविण्याच्या धोरणाबद्दल १९१४ सालीं त्यानें अध्यक्ष विल्सन यांना अध्यक्षांच्या घरींच जाऊन खडसावलें. त्याच घरीं एके काळीं त्याची पणजी ईडिथ मुदपाकखान्यांत राबत होती.

ईस्टनची हरवलेली फांदी विसाव्या शतकांत पुन्हां जोडली गेली. १९७४ सालीं फॉन ब्रोडी या विदुषीनें जेफरसनचें चरित्र प्रसिद्ध करून मॅडिसनची हकीगत खरी धरली. तें वाचून ईस्टनच्या वंशांतील एका कुटुंबाला आपल्या घरांतील जुनीं नांवें ओळखूं आलीं. १९९७ सालीं ॲनेट गॉर्डन-रीड यांनीं, वकिलानें साक्षीपुरावा तपासावा त्याप्रमाणें, दोन्ही पक्षांचे पुरावे तपासून मॅडिसनवर झालेला अन्याय दाखवून दिला. आणि १९९८ च्या नोव्हेंबरमध्यें ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत रक्तपरीक्षेचा निकाल आला. पुरुषाच्या शरीरांतील वाय नांवाचें गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेंच्या तसें जातें. जेफरसनला औरस पुत्राचा वंश नसल्यामुळें त्याच्या सख्ख्या चुलत्याच्या पुरुषवंशजांचें रक्त घेतलें, तें ईस्टनच्या पुरुषवंशजाच्या रक्ताशीं तंतोतंत जुळलें. भाच्यांच्या घराण्यांतील पुरुषवंशजांचें जुळलें नाहीं. या परीक्षेनें जेफरसन कुळांतील पुरुष एवढेंच सिद्ध होतें, व्यक्ति सिद्ध होत नाहीं, हें खरें. परंतु शेतवही, हजेरी, नांवें आणि मॅडिसनची साक्ष हीं चारही एकाच बाजूस झुकतात. माँटिचेलोची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेनें २००० सालीं हा निष्कर्ष स्वीकारला. २००१ सालीं विद्वानांच्या दुसऱ्या एका मंडळांतील बहुतेकांनीं तो अमान्य केला. आणि २००२ सालीं जेफरसनच्या औरस वंशजांच्या संघानें हेमिंग्स वंशजांना सभासद करून घेण्याचें व कुटुंबाच्या स्मशानभूमींत जागा देण्याचें नाकारलें. रक्त जुळलें तरी कुळ जुळेलच असें नाहीं.

एक फांदी मात्र अद्याप हातीं लागलेली नाहीं. हॅरिएट वॉशिंग्टन येथें एका गोऱ्या गृहस्थाशीं विवाह करून नांदली, तिच्या मुलांवर कोणाला संशय आला नाहीं, आणि तिच्या नवऱ्याचें नांव ठाऊक असूनही सांगणें बरें नव्हे, असें मॅडिसन १८७३ सालीं म्हणाला. बापाचें नांव छापून सांगणाऱ्या त्या माणसानें बहिणीच्या नवऱ्याचें नांव मात्र ओठांतच ठेविलें. एका नांवानें त्याला न्याय हवा होता, दुसऱ्या नांवानें तिचा संसार मोडला असता. त्याचें तें मौन आजपर्यंत कोणत्याही दप्तरानें मोडलेलें नाहीं. अमेरिकेंत आज कित्येक कुटुंबें अशीं असतील कीं, ज्यांचा वंशवृक्ष त्या भाड्याच्या गाडींतून एकटी निघालेल्या मुलीपाशीं येऊन थांबतो. आणि तिच्या मागें कोण होतें हें त्यांना माहीत नाहीं.